दिवेलागणीचं विरजण

“मग ती सगळी वर्षं वाया गेली म्हणायची का, आक्का?”

विश्रामने पुन्हा तेच विचारलं. यमुनाक्का चुलीपुढे दूध तापवत बसल्या होत्या. त्यांनी फुंकणी खाली ठेवली नाही की वर पाहिलं नाही.

मठी तशीच होती. घाटाच्या वर, चिंचेखाली. ताकाचा तोच आंबूस वास. घुसळखांबावर दोरीने पडलेली तीच खाच. पूर्वी बोलता बोलता तो तिच्यावर अंगठा फिरवत बसायचा. आज नकळत अंगठा तिकडे गेला, आणि त्याने तो मागे घेतला.

एके काळी या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे. दारू सोडून आलेल्याला इथं माळ मिळत नसे, अंगारा मिळत नसे. मिळायचं ते द्रोणातलं चमचाभर विरजण. “घरी ने आणि दही लाव,” आक्का सांगायच्या, “ज्याला रोज दही लावायचंय, त्याला संध्याकाळी घरी यावंच लागतं.”

ते विरजण द्यायचा मान विश्रामचा. स्वतः दारूतून उठलेला, आणि वाणी अशी की दगडाला पाझर फुटावा. लोक त्याला बुवा म्हणू लागले. त्यालाही ते आवडू लागलं.

मग एका लग्नात कुणीतरी पेला पुढे केला. एक घोट घेऊनही आपण उठून जाऊ शकतो, हे त्याला चारचौघांना दाखवायचं होतं.

उठायला काही वर्षं लागली.

“बोला ना, आक्का. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची? मी? अहो, इतक्या लोकांना मी...”

आक्कांनी फुंकणीने चूल फुंकली.

“माझ्या सगळ्या तपावर विरजण पडलं!”

आता आक्कांनी वर पाहिलं.

“विरजण? कुठंय? माझं तर परवाच बिघडलं. तार सुटली. टाकून दिलं.”

विश्रामचं डोकं भडकलं. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला म्हाताऱ्या माणसांचं काय जातं, देव जाणे.

“थट्टा सुचतेय तुम्हाला? हे हात बघा कसे थरथरतायत. खाली वाटेवरच गुत्ता आहे. आज इथून रिकामा गेलो, तर सरळ आत शिरेन.”

“मग रिकामा जाऊ नकोस.”

आक्कांनी पानाचा द्रोण पुढे केला. कोरडा.

“रावजीकडून विरजण घेऊन ये.”

“रावजी? नावाडी रावजी?”

“हं.”

“आक्का, नाव एका काठाला आणि हा दुसऱ्या काठाला पडलेला असायचा! त्याला उचलून इथं मी आणलं. ह्याच हातानं मी त्याला विरजण दिलं...”

“म्हणून तर त्याच्याकडे आहे.”

विश्रामने द्रोण घेतला. मागे एकदा रावजी त्याला गटारातून उचलायला आला होता. विश्रामने त्याला लाथ मारली होती. हे आक्कांना ठाऊक नव्हतं. किंवा होतं.

बाहेर दिवेलागण झाली होती. विश्रामला तेवढीच पळवाट दिसली.

“दिवे लागले, आक्का. या वेळेला विरजण कुणी घराबाहेर देतं का?”

“मागून तर बघ.”

रावजीच्या घरात देवळीत दिवा तेवत होता. दार त्याच्या बायकोने, चंद्राने उघडलं. विश्रामला पाहून ती दचकली, द्रोण पाहून आणखीच.

“दिवा लागल्यावर विरजण? नाही हो. सकाळी या.”

विश्राम वळलाच होता. तेवढ्यात जाळं बाजूला सारून रावजी उठला. त्याने द्रोण पाहिला. द्रोण धरलेला थरथरता हात पाहिला. देवळीकडे गेला आणि चिमटीत धरून वात मालवली.

“अहो, हे काय!” चंद्रा म्हणाली.

“कुठं दिवा लागलाय?” अंधारातून रावजीचा आवाज आला. “धरा बुवा. नीट धरा.”

“बुवा नको म्हणूस रे...”

क्षणभर भांड्यात चमचा वाजला तेवढाच.

“बरं. धर, विश्राम.”

द्रोणातून तोच वास आला. मठीचा. त्या वासात त्याची चांगली वर्षं गेली होती. ओसरीवरची गर्दी, ताकाच्या घागरी, मागे वळून वळून हात जोडत घाट उतरणारी माणसं... सगळं एका चमच्यात.

परतताना गुत्त्यावरचा कंदील दिसला. आतून कुणीतरी ओळखीच्या आवाजात हाक मारली, “काय बुवा, आज उशीर?” विश्रामचे दोन्ही हात द्रोणाभोवती होते. सांडेल म्हणून त्याने मान वळवली नाही.

मठीत दूध कोमट होऊन वाट पाहत होतं. आक्कांनी द्रोण हातात घेतला नाही. भांडं तेवढं त्याच्यापुढे सरकवलं. विश्रामने विरजण घातलं, पूर्वीसारखं बोटाने कडेकडेने फिरवलं आणि वर झाकण ठेवलं.

“आक्का, हे मी दिलेलंच ना? माझंच ना हे?”

आक्कांनी चुलीतला विस्तव सारखा केला.

“ते जाऊ दे. निदान एवढं तरी सांगा, सकाळपर्यंत मी काय करू?”

बोलता बोलता त्याचा हात झाकणाकडे गेला. आक्कांनी तो मनगटाशी धरला आणि आपल्या मांडीवर ठेवून घेतला.

“दही लागेपर्यंत हलायचं नाही.”