पाठीवरचा कोरडा पट्टा

त्या दिवशी सकाळपासून मळभ होतं. वारा पडलेला, झाडाचं पान हलत नव्हतं, अंगाला नुसता चिकचिकाट. गोष्ट फार जुनी, तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. डोंगरमाथ्यावर एक विद्यापीठ होतं. तिथला एक विद्यार्थी असल्या हवेत गाठोडं बांधत बसला होता.

पोरगा हुशार. पण पोथीपुढे बसून बसून पायांच्या काड्या झालेल्या, चार पायऱ्या चढला की धाप. वैद्यबुवांनी नाडी पाहून सांगितलं होतं, "बाळा, रोज पहाटे नदीपर्यंत उतर आणि चढून ये. संक्रांतीपर्यंत दम सुधारला नाही, तर शिक्षण सोडून घरी जावं लागेल."

त्यानं काय केलं? व्यायामावरचा ग्रंथ आणून तोंडपाठ केला! पहाट झाली की मात्र घोंगडी डोक्यावरून ओढायचा. दमलेलं माणूस स्वतःशी फार भांडत नाही, बाळांनो. संक्रांत लांब होती, तरी त्यानं हात टेकले आणि घरी जायला गाठोडं बांधायला घेतलं.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतला आडदांड पोरगा तेलाची वाटी घेऊन आला.

"पंडित, पाठीला तेल लाव रे. मधोमध हात पोचत नाही, तेवढा पट्टा कोरडाच राहतो."

यानं गाठोडं बाजूला सारून तेल चोळलं.

"आता नदीवर चल. एकट्यानं अंघोळीला जायचा कंटाळा येतो."

"मला चढण झेपत नाही."

"मग बसत बसत येऊ. कोण मागे लागलंय?"

गेले. येताना हा प्रत्येक दगडावर बसला, तोही बसला.

दुसऱ्या पहाटे भिंतीवर थाप पडली. "आज नको," हा आतून म्हणाला. "बरं, मग मीही जात नाही," भिंतीपलीकडून आलं. हा थोडा वेळ पडून राहिला. मग कण्हत उठला.

रोज असंच. कण्हणं काही गेलं नाही, पण बसायचे दगड कमी होत गेले. संक्रांतीला वैद्यबुवांनी नाडी धरली, डोळे मिटले आणि म्हणाले, "गाठोडं बांधलं असशील तर सोड. इथेच शिक."

संध्याकाळी यानं शेजाऱ्याला विचारलं, "तुझ्यासारख्या धडधाकटाला माझी कसली गरज होती?"

तो वाटीतलं तेल हातावर ओतत म्हणाला, "अरे, तू सोबत यायला लागायच्या आधी मीही पहाटे झोपूनच असायचो. स्वतःसाठी उठायला माणूस कंटाळतो, कुणी वाट बघतंय म्हटलं की उठतो."