आपोआप चढणारी गाडी

करवंदगडाच्या छोट्या सरकारांनी कालपासून ताटाला हात लावला नव्हता. कारण एकच, गाडी हवी! आणि तीही गडाखालच्या वाडीतल्या पोरांकडे होती तसली.

ती पोरं गडाच्या उतारावरून लाकडी गाड्या सोडत. बाभळीच्या ओंडक्याच्या चकत्या म्हणजे चाकं, मोडकं मुसळ म्हणजे आस आणि बसायला कुणाच्या तरी जुन्या पाळण्याची फळी. खर्च काही नाही, मजा मात्र राजाला हेवा वाटावा अशी. या गाड्या बनवायची हौसा. राजाच्या बागेत मोट हाकणाऱ्या संतू माळ्याची ही लेक अंगानं काटकुळी होती, पण तिच्या जिभेला अशी धार, की तिला बाजारात नेताना बाप आधी देवाला हात जोडायचा.

राजे रणधीररावांनी लेकासाठी आपल्या सुतारांकडून चंदनाची, चांदीच्या पत्र्यानं मढवलेली गाडी करून घेतली. ती इतकी जड झाली की उतारावरसुद्धा जागची हलेना. छोट्या सरकारांनी तिला लाथ मारली आणि हा देव्हारा देवघरात नेऊन ठेवा म्हणून सांगितलं. खजिनदारांनी कपाळावर हात मारून घेतला.

एवढ्यानं भागतं तर बरं होतं. वाडीतली पोरं खाली गेली की गाडी डोक्यावर घेऊन पुन्हा वर चढतात, हे छोट्या सरकारांनी पाहिलं होतं. आपण असली हमाली करणार नाही, आपली गाडी आपली आपण वर आली पाहिजे, असं शेपूट त्यांनी हट्टाला जोडलं.

शहाण्या बापानं एक धपाटा घातला असता. पण हट्ट त्या घरात बापाकडूनच आलेला! राजांनी हौसाला बोलावून हुकूम सोडला. गाडी उतरलीही पाहिजे आणि चढलीही पाहिजे. बैल लावायचा नाही, घोडा लावायचा नाही, माणसानं ओढायची नाही की ढकलायची नाही. खजिन्यातून छदाम मिळणार नाही.

"येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत जमलं नाही, तर त्या उतारावर काटेरी कुंपण पडेल," राजे म्हणाले, "आणि वाडीतल्या झाडून साऱ्या गाड्या आमच्या मुदपाकखान्यात जळण म्हणून जातील. आमच्या पोराला जे मिळत नाही, ते कुणाच्याच पोराला नको."

दिवाण त्र्यंबकपंत मिशीतल्या मिशीत हसले. उतारावरच्या आरड्याओरड्यानं त्यांची दुपारची झोप मोडायची, त्यामुळे ते कुंपण त्यांना हवंच होतं.

घरी संतूचं धाबं दणाणलं. जाऊन पाय धर, माफी माग, असा त्यानं धोशाच लावला. हौसा विहिरीच्या काठावर बसून मोट बघत राहिली. बैल विहिरीपासून निघणाऱ्या उतरत्या वाटेनं खाली जात, तसा त्यांना बांधलेला, चाकावरून गेलेला जाड दोर ताणला जाई आणि पाण्यानं भरलेली मोट वर येई.

"बा, तुझे बैल खाली जातात तेव्हाच पाणी वर येतं की."

"मग? जन्मभर दुसरं काय बघतेस?"

"बघत होते. आज दिसलं. तो जुना दोर आणि अडगळीतलं चाक दे मला."

बाजाराच्या दिवशी सगळी वाडी आणि सगळा दरबार उतारावर लोटला. माथ्यावर दोन खांबांच्या मध्ये मोटेचं चाक आडवं बसवलेलं. त्यावरून दोर घेतलेला. दोराच्या एका टोकाला माथ्यावर एक गाडी, दुसऱ्या टोकाला पायथ्याशी दुसरी. वरच्या गाडीत छोटे सरकार बसले. हौसानं अडकवलेली खुंटी काढली, आणि ते किंचाळत, खिदळत थेट खाली! त्यांच्या वजनानं खालची रिकामी गाडी वर येऊन थांबली. हौसानं तिला खुंटी लावली.

"उतरली, त्यात काय मोठंसं?" दिवाणजी म्हणाले. "धोंडाही उतरतो. आता छोट्या सरकारांना वर आण."

हौसानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि राजांना विनवलं, की छोटे सरकार केवढे खुशीत आहेत ते या गाडीत बसून नीट दिसेल. राजांच्या मनात मघापासून तेच होतं. इकडेतिकडे बघत ते हळूच टेकले. फळी करकरली. हौसानं खुंटी काढली.

राजे निघाले! आणि ते खाली निघाले तशी छोट्या सरकारांची गाडी वर निघाली. अर्ध्या वाटेत दोघे एकमेकांना भेटले, तेव्हा पोरानं बापाची पगडी उडवली. मग पोर माथ्यावर, बाप पायथ्याशी गवतात.

दरबार गारठला. हसायचं की रडायचं, कुणाला कळेना.

"लबाडी!" दिवाणजी कडाडले. "माणसानं ओढायची नाही असं ठरलं होतं. ही गाडी माणसानंच ओढून वर आणली."

"आणली असेल," हौसा म्हणाली. "पण कोणी ओढली, दिवाणजी? आपल्या महाराजांना बैलाच्या जागी जुंपलं होतं, असं म्हणायचंय का तुम्हाला? म्हणा की मोठ्यानं. महाराज खालीच आहेत, ऐकतील."

दिवाणजी घाईघाईनं खजिनदारांच्या मागे सरकले.

खाली राजांना सगळं ऐकू आलं होतं. आधी त्यांचं पोट हललं, मग खांदे, आणि मग ते गवतात लोळून असे हसले की वाडीतल्या म्हाताऱ्यासुद्धा पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"पोरी, जिंकलीस!" ते ओरडले. "माग काय हवं ते."

"हा उतार पोरांचा. दुपारीसुद्धा. आणि ती चांदीची गाडी मोडून तिचं लाकूड वाडीला द्या, पुष्कळ फळ्या निघतील."

"दिलं! आणि आता मला वर घ्या कुणीतरी!"

त्यासाठी राजांपेक्षा जड माणूस वरच्या गाडीत बसायला हवा होता. हौसानं दिवाणजींना अदबीनं जागा दाखवली. पण दिवाणजी एकटे पुरले नाहीत, मांडीवर खजिनदारांनाही घ्यावं लागलं.