शेठचा खड्डा

खडपी बेटावरचं खनिज संपलं तसे खाणवाले रावजीशेठ गाशा गुंडाळून गेले. मागे उरला प्रचंड खड्डा. त्यात पावसाचं पाणी साचलं, बदकं उतरली, ती बघायला पाहुणे येऊ लागले आणि रिकामं बसलेलं गाव होड्या फिरवू लागलं.

हे कळताच शेठ परत हजर. भर चावडीत म्हणाले, "तळं कसलं? तो माझा खड्डा आहे. मी खणलाय. उद्यापासून होड्या माझ्या चालतील."

होडीवाली चंद्राबाय तांडेल उठली. "खड्डा शेठचाच. पण बेटावर मागे राहिलेली वस्तू मालकाने उचलून न्यायची, असा आपला रिवाज आहे. न्या, शेठ."

"खड्डा कसा उचलणार?" शेठ खेकसले.

"इथून नेलीत तेवढी माती आणून टाका, लगेच उठेल. बदकं तेवढी आमची."

शेठ तडक धक्क्यावर गेले. नावाड्याने त्यांना रिकाम्या होडीत अगदी कोपऱ्यात बसवलं.

"अरे, एवढी जागा मोकळी आहे की."

"ती खड्ड्यासाठी ठेवलीय, शेठ."