झोलाईच्या कोंडातले मासे

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. श्रीरंगमामाने मला तशी शपथच घातली होती, कारण यात त्याची फजिती आहे. पण फजितीपेक्षा मोठीही एक गोष्ट यात आहे, म्हणून लिहिते.

"सही करू नका, असा निरोप धाडलात. का, ते सांगाल का?"

मामा कोंडाच्या काठावर उभा होता. पायात बूट तसेच. धाकजीबुवा पाण्यात पाय सोडून बसले होते.

"बसा," बुवा म्हणाले.

"बसायला वेळ नाही. तीन वाजता पंपाची कळ दाबायची आहे."

"मग उभ्याने ऐका."

आणि बुवा पाण्याकडे बघायला लागले...

नदी डोंगरातून उतरताना झोलाईच्या देवळापाशी वळते आणि तिथे खोल होते. त्या डोहाला झोलाईचा कोंड म्हणतात. कोंडात खडस जातीचे मासे आहेत, मोठमोठे, एकेक मांडीएवढा. ते देवीचे, म्हणून त्यांना कोणी मारत नाही, पाण्याबाहेरही काढत नाही. धाकजीबुवा देवळात राहतात आणि रोज सकाळी त्यांना कुरमुरे घालतात. चाळीस वर्षं हेच चाललं आहे.

मामा प्रयोगशाळेत पाणी तपासतो. कोंडाचं पाणी नळाने सात वाड्यांना जाणार होतं. पंप बसला होता, मांडव घातला होता, हलगीवाले आले होते. पाणी पिण्याजोगं आहे, असा मामाचा दाखला तेवढा बाकी होता.

दाखला मामाच्या खिशात होता. शेवटची बाटली अजून भरायची होती, पण सही त्याने आदल्या दिवशी घरीच करून टाकली होती.

हेच ते, जे सांगायचं नव्हतं.

"बारा आठवडे झाले," मामा म्हणाला. "दर आठवड्याला एक बाटली. एकीतही दोष निघाला नाही. तुमच्याकडे काय पुरावा आहे?"

"मासे."

"काय म्हणतात मासे?"

"मला कशाला विचारता? ते काय खाली हायत."

मामाला हसू आलं. मग राग आला.

"स्पष्ट बोलू का, बुवा? घरात नळ आला की कोंडावर कोणी फिरकायचं नाही. तुमचे नारळ बंद होतील. पोटात दुखतंय ते त्याचं."

बुवांनी कुरमुऱ्यांची परडी त्याच्याकडे सरकवली.

"बूट काढा," एवढंच म्हणाले.

मामाने बूट काढले. का काढले, ते त्याला अजूनही सांगता येत नाही. तो बुवांशेजारी बसला आणि त्याने मूठभर कुरमुरे पाण्यावर टाकले.

मासे आले. सावकाश आले. एकाने कुरमुरा तोंडात घेतला... आणि सोडून दिला. दुसऱ्याने नुसता हुंगल्यासारखा केला. कुरमुरे तरंगत तरंगत पलीकडच्या काठाला लागले.

खाली, खडकांजवळ, पाण्यात चांदीसारखं काहीतरी चमकलं. पुन्हा चमकलं.

"ते बघा," मामा म्हणाला. "हे आजारी वाटतात तुम्हाला? किती मजेत खेळतायत. हे चमकणं बघायला तर लोक मुंबईहून येतात. फोटो काढतात."

"साहेब, तुम्हाला हात नसते..."

"अं?"

"हात नसते, आणि अंगाला खाज सुटली असती, तर काय केलं असतंत?"

मामा विचारात पडला. "भिंतीला अंग घासलं असतं."

बुवांनी खाली बोट दाखवलं.

खाली एक मासा आडवा झाला, खडकाला कूस घासून गेला आणि चमकला. त्याच्यामागून दुसरा. मग तिसरा.

मामाने हातातली मूठ परडीत परत रिकामी केली.

बुवांनी पाण्यात हात घातला आणि तसाच ठेवला. बऱ्याच वेळाने एक मोठा खडस येऊन त्यांच्या तळव्यावर टेकला. त्याला पाण्याबाहेर न काढता बुवांनी अंगठ्याने त्याचा कल्ला अलगद उचलला.

"वाका."

मामा वाकला. त्याचं नाक पाण्याला लागलं. कल्ला आतून लालभडक हवा, एवढं पुस्तकात वाचलेलं त्याला आठवत होतं. हा विटकरीच्या भुकटीसारखा मळकट होता आणि त्यावर पांढरट, बुळबुळीत थर होता.

बुवांनी अंगठा काढला. मासा गेला.

"तुम्ही बाटली भरता ती कुठल्या पाण्याने?"

"याच कोंडाच्या."

"कालच्या?"

"नाही. त्या वेळी असेल त्या."

"मग कालचं कुठं गेलं?"

"खाली गेलं. खाडीला."

"आणि मासा?"

"तो इथेच असतो. रोजच्या पाण्यात," मामा म्हणाला.

"येता कधी तुम्ही?" बुवांनी विचारलं.

"मंगळवारी. दहा वाजता."

"गाडी कुठल्या रस्त्यानं येते?"

"वरच्या. रंगाच्या कारखान्याच्या फाटकासमोरून. पहारेकरी ओळखतो आता."

"दर मंगळवारी."

"दर मंगळवारी," मामा म्हणाला. या वेळी फार हळू.

मग त्याने खिशातला दाखला काढला आणि त्याचे चार तुकडे केले.

"पाण्यात टाकू नका," बुवा म्हणाले. "आधीच त्यांचं पोट बिघडलंय."

मांडवात सरपंच सुगंधाबाई वाट बघत होत्या. नवं लुगडं नेसून आल्या होत्या. मामाने सांगितलं ते त्यांनी दोनदा सांगायला लावलं.

"एकवीस वर्षं आम्ही डोक्यावर हंडे घेऊन घाट चढतोय. आज नळाचं तोंड दिसलं. आणि तुम्ही म्हणता, माशांना बरं नाय?"

"हो."

"माशांचं ऐकून माणसांचं पाणी अडवणार?"

"ताई, पोरांना कल्ले नसतात. उचलून बघता येणार नाही."

हलगीवाल्यांनीसुद्धा मान खाली घातली.

"किती दिवस?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"हे तरी खरं बोललात," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या हाताने मांडवाचं तोरण सोडायला लागल्या.

मामा कोंडावर परत आला.

"बुवा, हे नदीत नेमकं कुठून येतं, ते कसं शोधायचं?"

बुवांनी उरलेले कुरमुरे पिशवीत भरून त्याला दिले. "वर चार डोह हायत. विचारत जा."

गाडी देवळापाशीच राहिली. मामा नदीने वर चालत निघाला. पहिल्या डोहात मासे आले आणि तोंड फिरवून गेले. दुसऱ्यातही तसंच. तिसऱ्यात एकही वर आला नाही. मामा तिथे फार वेळ उभा राहिला.

चौथ्या डोहावर त्याने मूठ नुसती उचलली होती. पाणी उकळी फुटल्यासारखं उसळलं. पहिला कुरमुरा पाण्याला लागलाच नाही, वरच्या वर गेला.

मामा मागे वळला. तिसऱ्या आणि चौथ्या डोहाच्या मधल्या काठाची त्याने जाळी न् जाळी वाकवून पाहिली. करवंदीच्या एका जाळीत, जमिनीलगत, एक पाइप होता. कोरडा. त्याच्या तोंडाखालचे दगड निळे होते.

तो समोरच्या झाडामागे बसून राहिला. अंधार पडल्यावर देवळात जायचा, उजाडलं की परत. बुधवारी काही झालं नाही. गुरुवारी भर दुपारी पाइप खाकरला. मग त्यातून गरम, निळं पाणी नदीत पडायला लागलं.

मामाने तीन बाटल्या भरल्या. बाहेर एक थेंबही सांडला नाही.

पुढे कागद झाले, कचेऱ्या झाल्या. कारखान्याचा माणूस म्हणाला, तो पाइप आमचा नव्हेच. तेव्हा सुगंधाबाई म्हणाल्या, "मग आम्ही बुजवला तर तुमची हरकत नसेल." सात वाड्यांची माणसं घमेली घेऊन गेली आणि सिमेंट ओतून त्याचं तोंड बंद करून आली. तपासणीवाले आले तेव्हा कारखान्याच्या आवारात निळं तळं साठलं होतं. मग तो पाइप कुणाचा, हे विचारावं लागलं नाही.

मामा येत राहिला. कधी रविवारी, कधी शुक्रवारी, एकदा तर ऐन गौरीच्या दिवशी. खालच्या रस्त्याने, पायी. बाटली भरायचा, पण आधी बूट काढून बसायचा. त्याने पाण्यात हात धरायला सुरुवात केली. महिनाभर एकही मासा त्याच्या हातावर आला नाही. शेजारी बुवा कुरमुरे घालत राहायचे.

एका सकाळी एक खडस आला आणि तळव्यावर टेकला. मामाने अंगठ्याने कल्ला उचलला.

आत जास्वंद फुलली होती.

त्याने त्याच दगडावर बसून नवा दाखला लिहिला आणि सही केली. चार दिवसांनी सुगंधाबाईंनी कळ दाबली. सगळ्यात वरच्या वाडीचा नळ आधी नुसताच फुसफुसला, मग त्याला पाण्याची धार लागली. बायकांनी हंडे भरायचे सोडून वाजवायला घेतले. हलगी कडाडली. म्हाताऱ्या बाया नळाखाली डोकं धरून उभ्या राहिल्या. मामाला खांद्यावर घेऊन सातही वाड्या फिरवलं आणि त्याच्या गळ्यात इतके हार पडले की त्याला पुढचं दिसेना.

तो तसाच कोंडावर धावत आला. वाजंत्री त्याच्या मागे.

बुवा पाण्यात पाय सोडून बसले होते. परडी मांडीवर.

"बुवा," मामा धापा टाकत म्हणाला, "जिंकले. तुमचे मासे जिंकले."

बुवांनी मूठभर कुरमुरे टाकले. अख्खा कोंड उसळला. शेपट्यांचं पाणी उडून बुवांचं तोंड, दाढी, छाती भिजली. त्यांनी ते पुसलं नाही.

"जिंकले कुठले..." बुवा म्हणाले. "त्यांना भूक लागली."

याचा अर्थ मी मामाला विचारला. आधी तो सांगेना. मग म्हणाला, हे कळायला मला पुढचं अख्खं वर्ष लागलं, तर त्याचा अर्थ असा, की ज्याला आपण... आले, आई, आले. मामा आलाय म्हणे, आणि मी काय लिहितेय ते बघायला इकडेच