वावरातली बाभूळ

फार पूर्वी, जनावरं तोंडानं भांडत तेव्हा, एका शिवारात नियम होता: झाड बांधावर, पीक वावरात, जनावर गोठ्यात. का, असं विचारायचं नाही.

टिकली शेळीनं बांधावर बाभळीच्या शेंगा खाल्ल्या आणि लेंड्या टाकल्या वावराच्या मधोमध. त्यातून बाभूळ उगवली आणि कुणी लक्ष देईपर्यंत चांगली डेरेदार झाली.

ऐन उन्हाळ्यात ढवळ्या बैलानं बाभळीपाशीच सभा बोलावली. "टिकले, घाण तुझी, निस्तरायचीही तूच. साल सोलून खा, म्हणजे वाळेल."

"पण काका, यंदा हिच्याभोवतीच ज्वारीची कणसं मोठी आली."

"आमच्या काळात शेळ्या जागा बघून लेंड्या टाकायच्या," भागा म्हैस म्हणाली.

टिकलीनं सालीला तोंड लावलं आणि सहज मागं पाहिलं. बैल सावलीत बसला होता. म्हैस सावलीत बसून बाभळीच्याच शेंगा चघळत होती.

"मी नाही खाणार," टिकली म्हणाली. "नियम एवढा प्यारा असेल, तर तुम्ही दोघं आधी गोठ्यात जा."

ढवळ्यानं तापलेल्या गोठ्याच्या पत्र्याकडे पाहिलं आणि तो सावलीत आणखी आत सरकला. म्हशीच्या तोंडातली शेंग तेवढी कुरुमकुरुम वाजत राहिली.