फळीमागचा चितारी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा बाजारात वजनं दगडाची असत आणि माणसाचा शब्द मात्र लोखंडाचा असे. लहानांनी पुढे सरकून बसावं, मोठ्यांनी भिंतीला पाठ टेकावी. गोष्ट काही फार लांब नाही.

एका नदीकाठच्या नगरात चिताऱ्यांची आळी होती. तिथे लाकडी फळ्यांवर चित्रं काढत. कुणी देवाचं काढी, कुणी राजाचं, कुणी नुसते मोरच मोर. आणि त्या आळीची एक रीत होती. चितारी सगळं चित्र स्वतः काढी, पण डोळ्यांतली बुबुळं मात्र कोरी ठेवी. ती दुसऱ्या घरच्या माणसाने भरायची.

बुबुळं भरायची त्या दिवशी सगळी आळी हातातलं काम टाकून जमे. तेली येई, रंगारी येई, कुंभारणी येत, रानातून डिंक आणणारेही येत. प्रत्येकाचं काही ना काही त्या फळीवर असायचंच. कुणाचं तेल, कुणाची नीळ, कुणाच्या अंगणातला गेरू. आणि ज्याने चित्र काढलं तो कुठे असे? तो फळीच्या मागे. दोन्ही हातांनी फळी उभी धरून. आपल्या चित्राने डोळे उघडले ते त्याला दिसत नसे. समोरच्या माणसांच्या तोंडून "आलं" असा शब्द निघाला, की त्याने समजायचं, चित्रात जीव आला.

अशी उलटी रीत का, म्हणून एका परगावच्या व्यापाऱ्याने एकदा विचारलं.

आळीत कुंभाराच्या घरची एक म्हातारी होती, तिला सगळे थोरली म्हणत. ती म्हणाली, "भाकरी भाजणारणीला भाकरीचा वास येत नाही बाबा. तो दारावरून जाणाऱ्याला येतो."

व्यापारी हसला, आणि घ्यायची ठरवली होती त्यापेक्षा दोन चित्रं जास्त घेऊन गेला.

याच आळीत एक चितारी होता. गोष्ट त्याची, तेव्हा त्याला आपण आपला चितारी म्हणू. हाताचा मोठा गुणी. पोपटाची मान कशी वळवावी हे तो थोरलीच्या रांजणांवरची पाखरं बघून शिकला होता. चित्राभोवतीची वेल त्याने रंगाऱ्याच्या लुगड्यांच्या काठावरून उचलली होती. उचलली म्हणजे चोरली नव्हे. आळीत सगळेच सगळ्यांचं उचलत. विहिरीचं पाणी कुणी ज्याचं त्याचं म्हणून भरतं का?

एका जत्रेला राजाची स्वारी आळीत आली. नेमके त्याच दिवशी आपल्या चिताऱ्याच्या चित्राचे डोळे उघडायचे होते. तो रीतीप्रमाणे मागे उभा. थोरलीने कुंचला उचलला, बुबुळं भरली, आणि सगळे म्हणाले, "आलं."

राजा पुढे झाला. "काय नजर आहे," तो म्हणाला, आणि आपल्या गळ्यातला हार काढून, जी कुंचला हातात धरून उभी होती तिच्याच गळ्यात घातला.

थोरली हसत सुटली. "अहो महाराज, चितारी मागे आहे," ती म्हणाली. पण तोवर ढोल वाजायला लागले होते. फळीमागे आपल्या चिताऱ्याला दिसत होत्या लाकडाच्या गाठी आणि स्वतःची दहा बोटं.

राजाला मागाहून खरं कळलं. त्याने चिताऱ्याला वाड्यावर बोलावलं आणि म्हणाला, "हवं ते माग."

चितारी म्हणाला, "मला घर द्या. जिथे शेजार नाही असं."

नगराबाहेरच्या टेकडीवर राजाचं एक घर रिकामं होतं, ते मिळालं. सामान बैलगाडीत चढवताना सगळी आळी बघत होती. थोरली म्हणाली, "जातोस तर जा. पण आमच्या चित्रांचे डोळे उघडायला येत जा. तुझा हात हलका आहे रे."

"तुमच्या चित्रांचे डोळे तुम्ही उघडा, माझ्या चित्रांचे मी उघडीन," तो म्हणाला, आणि गाडी निघाली.

सुरुवातीला आळीतून निरोप जात. रंगाऱ्याच्या मुलाचं पहिलं चित्र पुरं झालं, ये. तेल्याच्या दारावरचा गणपती झाला, ये. तो गेला नाही. मग निरोप थांबले. निरोप थांबल्याचं त्याला बऱ्याच उशिरा ध्यानात आलं.

टेकडीवर रंग राजाच्या कोठारातून येत, जेवण वाड्यावरून येई. आणणारा डबा दारात ठेवून निघून जाई. चितारी दिवसभर चित्र काढी आणि बुबुळंही आपणच भरी. चित्रं सुरेखच होत होती. त्यांत खोट काढायला कुणी नव्हतं, आणि त्यांना चांगलं म्हणायलाही कुणी नव्हतं. संध्याकाळी आळीतला चुलींचा धूर वर येई. धुरावरून कुणाच्या घरी काय शिजतंय हे त्याला पूर्वी ओळखता यायचं. इतक्या उंचीवर सगळा धूर एकसारखाच.

मला इथे एका हिंगवाल्याची आठवण होते. त्याचा हिंग पंचक्रोशीत एक नंबर. वास उडून जाऊ नये म्हणून त्याने डबा मेण लावून बंद केला. वास अजिबात उडाला नाही. गिऱ्हाईकं दारावरून चालत पुढे गेली. असो.

हळूहळू चिताऱ्याला एक गोष्ट जाणवली. खोलीतल्या सगळ्या चित्रांची नजर त्याच्यावरच खिळलेली असे. राजा, मोर, हत्तीवरचा माहूत, सगळे. साहजिकच होतं. बुबुळं भरताना समोर उभा असे तो एकटा. शेवटी त्याने चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवली.

त्या वर्षी राजाची बहीण सासरी वारली. राजमातेची ती एकुलती एक लेक. पावसाळा संपला तेव्हा राजमातेने चिताऱ्याला बोलावलं. ती खाली बैठकीवर बसली होती.

"चितारीबुवा," ती म्हणाली, "माझ्या डोळ्यांवर पडदा येतो आहे. थंडी आहे तोवर दिसेल, पुढचं सांगवत नाही असं वैद्य म्हणतात. त्याच्या आत मला माझी लेक काढून द्या. नुसतं रूप नको. तिने एकदा माझ्याकडे बघायला हवं. जाताना तिच्याजवळ मी नव्हते."

चिताऱ्याने राजकन्येला तिच्या लहानपणी आळीच्या जत्रेत कितीदा पाहिलं होतं. त्याने चित्र काढलं. नाक तेच, हनुवटीवरचा तीळ तोच. दासींनी डोळ्याला पदर लावला. राजमाता चित्रासमोर बसली आणि बराच वेळ बघत राहिली.

"हुबेहूब आहे," ती म्हणाली. "पण ही माझ्याकडे बघत नाही. माझ्या मागे जणू कुणी उभं आहे, त्याच्याकडे बघते."

चिताऱ्याला वाटलं, उजेडाचा दोष असेल. त्याने चित्र दुसऱ्या खिडकीपाशी लावलं. राजमाता म्हणाली, "नाही." त्याने चित्र टेकडीवर परत नेलं, डोळ्यांवर पांढऱ्या रंगाचा हात मारला आणि बुबुळं थोडी मोठी करून भरली. राजमाता म्हणाली, "आता तर तिला धक्का बसल्यासारखं दिसतं." मग त्याने आरसा आणला आणि आरशात बघून बुबुळं भरली. या खेपेला चित्राने राजमातेच्या पलीकडच्या दाराकडे पाहिलं.

आळीत जावं, हे त्याच्या मनात पहिल्याच दिवशी आलं होतं. पाय निघत नव्हता. उद्या जमेल, असं म्हणत तो कुंचला उचले. थंडी ओसरली. टेकडीच्या उतारावर पळस लालभडक फुलला, आणि वाड्यावरून दासी सांगत आली की आईसाहेबांना आता माणसाचा चेहरा कळत नाही, खिडकीचा उजेड तेवढा कळतो.

तेव्हा कुठे तो फळी डोक्यावर घेऊन टेकडी उतरला.

आळीत शिरताच रंगारी उठून उभा राहिला. "या, या," तो म्हणाला. "पाट मांडा. पाहुण्यांना गूळपाणी आणा."

एके काळी हाच रंगारी त्याला लांबून शिवी देऊन हाक मारत असे. चिताऱ्याने गूळ तोंडात टाकला, पण तो गिळवेना.

"टेकडीवरून आमची घरं लहान दिसत असतील," तेली म्हणाला.

"घरं दिसत नाहीत," चितारी म्हणाला. "धूर दिसतो."

यावर कुणी हसलं नाही. थोरली काठी टेकत आली. फार वाकली होती. "बसा," ती म्हणाली. "काय काम काढलंत?"

त्याने फळी सगळ्यांसमोर ठेवली आणि राजमातेचं सांगितलं.  मग रंगाऱ्याची बायको चित्राजवळ गेली.

"ही अशी समोर कधी बघायची?" ती म्हणाली. "सासरी निघाली तेव्हा पालखी इथूनच गेली की. पडदा सारून खाली वाकून बघत होती. आमची पोरं ओट्याखाली धुळीत बसलेली. त्यांच्याकडे बघून हसली."

"मीही घाण्यावर बसलो होतो," तेली म्हणाला. "मला वाटलं माझ्याकडेच बघते आहे."

"तुझ्याकडे काय बघायचंय? बैलाकडे बघितलं असेल."

आता मात्र सगळे हसले. थोरलीने चिताऱ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही कुठे होतात त्या दिवशी?"

"टेकडीवर," तो म्हणाला. "पालखी दिसली होती मला. वरून. पालखीचं छत तेवढं."

 थोरलीने कुंचला मागवला. चिताऱ्याने जुन्या बुबुळांवर पांढरा हात मारला, तो वाळू दिला, आणि फळी उभी करून तो फळीमागे जाऊन उभा राहिला. थोरलीने सगळ्यांना खाली धुळीत बसवलं. उजवा हात कापत होता, तो तिने डाव्या हाताने धरला.

मागे चिताऱ्याच्या नाकाशी लाकडाचा वास होता. पुढचं ऐकू यावं म्हणून त्याने मान पुढे काढली, आणि फळी हलली.

"अरे, नीट धर की," पुढून थोरली ओरडली. "हलवतोस काय?"

तिच्या तोंडून तो 'अरे' त्याने किती वर्षांनी ऐकला. गूळ आता कुठे गळ्याखाली उतरला.

थोड्या वेळाने खाली बसलेल्या माणसांकडून हलकेच आवाज आला, "आलं."

तशीच फळी घेऊन सगळे वाड्यावर गेले. राजमाता बैठकीवर बसली होती. चिताऱ्याने तिच्यासमोर फळी उभी केली आणि सवयीने मागेच उभा राहिला. दासी बघतच राहिल्या. एक म्हणाली, "आईसाहेब, ताईसाहेब तुमच्याकडे बघताहेत. वाकून. पालखीतून बघायच्या ना, तशा."

राजमातेने तोंड वर केलं, पण ते चित्राच्या जरा बाजूला. हाताने तिने फळी चाचपली.

"परवापर्यंत खिडकी तरी कळत होती," ती म्हणाली. "चितारीबुवा आले आहेत का?"

"इथे आहे. फळीमागे."

"तुम्ही सांगा. बघते ना ती माझ्याकडे?"

"आईसाहेब, मला इथून दिसत नाही. पण आळी म्हणाली, आलं."

राजमाता किंचित हसली. "म्हणजे आपण दोघंही ऐकूनच धन्य." मग थोडा वेळ तिने फळीवरचा हात काढला नाही. "एवढंच होतं तर उशीर का झाला, बुवा?"

"आळीत उतरून जायचं होतं," तो म्हणाला. "गेलो नाही."

"फार लांब आहे का आळी?"

"टेकडीवरून हाक मारली तर ऐकू जाते, एवढी."

 त्या दिवसापासून राजमाता रोज त्या चित्रासमोर बसू लागली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारू लागली, "बघते ना?" सगळे हो म्हणत. ते खरंही होतं.

चितारी टेकडीवर परत गेला नाही. आळीतलं त्याचं जुनं घर त्याला मिळालं. कुणाच्या चित्राचे डोळे उघडायचे असले की तो सगळ्यांच्या आधी हजर असे, आणि हलक्या हाताने बुबुळं भरी. स्वतःच्या चित्राच्या वेळी फळीमागे उभा राही. पण "आलं" असा आवाज उठला, की तो मान वळवून वाड्यावरच्या राजमातेच्या खिडकीकडे बघे. आळीला कारण ठाऊक होतं. म्हणून कुणी विचारत नसे.

तात्पर्य: काम आपल्या हातून होतं, पण पुरं होतं ते शेजाऱ्याच्या हातून, म्हणून शेजाऱ्याच्या दारी जायला उशीर करू नये.