सकवार सुईणीची गाठ

बसा गं बायांनो, आणि पोरांनो, तुम्हीही ऐका. तुम्हीही कुणाच्या तरी पोटचेच आहात. फार वर्षांपूर्वी, आपल्या नदीला घाट नव्हता तेव्हा, या आपल्या दगडवण गावात सकवार नावाची सुईण होती. तिचा हात लागला की आडवं मूलसुद्धा शहाण्यासारखं सरळ व्हायचं, असं म्हणतात.

घाट बांधायला तुंगभद्रेपलीकडून पाथरवट आले. त्यांच्यात बसाप्पाची बायको नीलव्वा, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेर पडलं महिनाभराच्या वाटेवर. "मी आहे की!" म्हणत सकवारनं तिला आपल्याच घरी आणली. टपोऱ्या डोळ्यांची लेक झाली. सगळं कसं सुखरूप पार पडलं.

आणि मग काय बिघडलं, ते सकवारला कळेना. नीलव्वा पोरीकडे बघायची ती शेजारणीचं लेकरू बघावं तशी. तोंडातला घास तोंडातच धरून बसायची. पान्हा आटला. सकवारनं शेक दिला, धुरी दिली, बाळंतशेपा चारल्या, मीठमोहऱ्या उतरवल्या, सटवाईला नारळ फोडला. काही म्हणता काही लागू पडेना. नवरा लांब खाणीवर, अन् एकमेकींची भाषाही धड कळत नव्हती, विचारणार तरी काय, कपाळ! पोर शेळीच्या दुधाच्या बोळ्यावर जगत होती अन् दिवसेंदिवस सुकत होती.

त्यात नीलव्वानं नवीनच काढलं. जरा डोळा चुकला की पोरीला घेऊन उठायची अन् गावच्या पायऱ्यांच्या विहिरीकडे, बारवेकडे चालू लागायची. गाव हादरलं. "जीव देणार ही! लेकरासकट देणार!" सकवारनं खोलीला बाहेरून कडी घातली. बाळंतिणीच्या खोलीला कडी! आतून नीलव्वा नुसती दारावर हात फिरवत राहायची. ते ऐकून सकवारला काम सुचेना. कोंडली तर ही झुरून मरेल, सोडली तर बुडून मरेल. करावं तरी काय माणसानं?

एका दुपारी तिनं कडी काढली. नीलव्वाच्या पदराला आपल्या पदराची गाठ मारली, लग्नात मारतात तशी, आणि म्हणाली, "चल बये. कुठं जायचं तिथं जाऊ. बुडालीस तर मी बी आलेच."

दोघी बारवेत उतरल्या. काठावर सगळं गाव जमलं. शेवटच्या पायरीवर नीलव्वा थांबली. फार वेळ थांबली. मग खाली बसली, कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन पाण्याला वाहिलं, पोरीला छातीशी धरलं अन् गळा काढून रडली. सकवारही रडली. चैत्रातलं तळाला गेलेलं पाणी तेव्हा पायऱ्या चढून दोघींच्या पावलांना लागलं, असं म्हणतात. आता पाणी कसं चढलं ते मला विचारू नका. पण पान्हा फुटला, हे खरं. लगेच नाही हं! रोज गाठ मारून दोघी तिथं जात राहिल्या, तेव्हा कुठं हळूहळू.

खाणीवरून आलेला बसाप्पा म्हणाला, "आमच्याकडं बाळंतीण विहीर पुजल्याबिगर बाळंतपण संपत नाही." गावानं हुश्श केलं. सकवारचं मात्र समाधान होईना. पुढं नीलव्वाला आपली बोली येऊ लागल्यावर सकवारनं विचारलंच, "खरं सांग, पुजायला निघाली होतीस का जीव द्यायला?"

लेकीच्या केसांना तेल लावता लावता नीलव्वानं बराच विचार केला. "अक्का, मलाच ठाव नाही," म्हणाली. "तू संगं आलीस, म्हणून पूजा झाली."

घाट झाला, पाथरवट गेले, सकवारही गेली. पण आजही दगडवणात परमुलखातली बाई बाळंत झाली, मग ती ऊसतोडीला आलेली असो की वीटभट्टीवरची, तर शेजारीण जाऊन तिच्या पदराला गाठ मारते. ओढणी असली तर ओढणीला. दोघी बारवेपर्यंत जाऊन येतात, मन लागेपर्यंत रोज. का निघालीस, असं तिला कुणी विचारत नाही. आणि बाळंतिणीच्या खोलीला आपल्याकडे बाहेरून कडी नसते. कुणाच्याही घरी जाऊन बघा.